ऐकू येतं, पण कळत नाही

‘त्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं.’ घरात वयस्कर माणूस असेल आणि त्याला कानाने कमी ऐकू येत असेल, तर हे वाक्य कधी ना कधी बोललं जातंच. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. स्वयंपाकघरातून तीन हाका मारून ओ मिळालेली नसते, चहा गार झालेला असतो. आणि थोड्या वेळाने त्याच आजोबांनी शेजारच्या खोलीत दोघा मुलांत चाललेल्या बोलण्यातला ‘बँक’ हा शब्द नेमका पकडून ‘कुठल्या बँकेचं म्हणताय?’ असं विचारलेलं असतं. मग संशय येतो. पण तो संशय अन्यायाचा आहे. वयोमानाने येणारा बहिरेपणा असाच वागतो. एका खोलीत ऐकू येतं, दुसऱ्या खोलीत नाही. सकाळी कळतं, संध्याकाळी कळत नाही. मुलाचं कळतं, सुनेचं कळत नाही. यामागची कारणं कानात आणि मेंदूत आहेत. ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवीत, कारण म्हाताऱ्या माणसाला किती समजेल हे बऱ्याच अंशी बोलणाऱ्याच्या हातात असतं.

कमी ऐकू येणं म्हणजे सगळेच आवाज सारखे बारीक होणं, अशी आपली समजूत असते. म्हातारपणी बहुधा तसं होत नाही. आवाज येतो, त्यातले काही तुकडे मात्र येत नाहीत. आतल्या कानात शंखासारखी वेढे घेतलेली एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. सरळ केली तर ती सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यातल्या एका पातळ पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार, बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. ध्वनीची लाट नळीत शिरली की उंच पट्टीचे आवाज तोंडापाशीच पडदा हलवतात आणि खर्जातले आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत जातात. गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरियन शास्त्रज्ञाने हे मृतांच्या कानांवर प्रयोग करून दाखवलं आणि १९६१ साली त्याला त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. बाहेरच्या रांगांतल्या पेशींचं काम तर विलक्षण आहे. बारीक आवाज आला की त्या स्वतः आखडतात, लांबतात आणि तो आवाज वाढवून आतल्या पेशींच्या हवाली करतात. निरोगी कानातून अतिशय क्षीण आवाज बाहेरही पडतो, हे डेव्हिड केम्प यांनी लंडनमध्ये १९७८ साली दाखवून दिलं. तो आवाज या पेशींच्या हालचालीतूनच येतो. आज नवजात बाळाचे कान बऱ्याचदा याच्याच आधाराने तपासतात. बाळाला काही विचारावं लागत नाही, त्याचा कानच उत्तर देतो.

या पेशी जन्माबरोबर जेवढ्या मिळतात तेवढ्याच. पक्ष्यांच्या कानात त्या नव्याने उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. वय, वर्षानुवर्षांचा गोंगाट, मधुमेह, काही औषधं, घराण्यातून आलेली प्रवृत्ती, अशा अनेक कारणांनी त्या एकेक करून मरत जातात. झीज बहुधा नळीच्या तोंडापासून, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. शिवाय आतल्या कानाला ऊर्जा पुरवणारा पट्टा क्षीण होतो आणि मेंदूकडे जाणारे मज्जातंतूही कमी होत जातात. वयाबरोबर उंच स्वर ऐकण्याची मर्यादा खाली येते, हे हेंड्रिक झ्वार्डेमाकर या डच संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच शिट्टी वाजवून मोजलं होतं. हे सगळं इतक्या संथपणे घडतं की ज्याचं त्यालाही कळत नाही. एक दिवस एवढंच लक्षात येतं की हल्ली सगळे पुटपुटत बोलतात.

मराठी बोलण्यावर याचा काय परिणाम होतो ते पाहू. आ, ई, ऊ, ओ हे स्वर दमदार असतात आणि त्यांची बरीचशी शक्ती खालच्या पट्टीत असते. व्यंजनं क्षणभरच वाजतात आणि अशक्त असतात. त्यांतही स, श, फ, ख, थ, ट यांची ओळख पटवणारा भाग उंच पट्टीत असतो. ‘स’चा सगळा जोर तर सेकंदाला ४,००० कंपनांच्याही वर असतो. छापील पानावरची अक्षरं पुसट होऊन नुसते काने, मात्रा, वेलांट्या आणि उकार उरावेत, तसं कानाचं होतं. पानावर मजकूर आहे हे दिसतं, तो वाचता येत नाही. म्हणूनच ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार अगदी अचूक आहे. त्यांना काय होतंय ते त्यांनी नेमक्या शब्दांत सांगितलेलं असतं आणि आपण त्याला सबब समजतो.

‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’ उरतं. ‘सून’चा ‘स’ गेला की ‘ऊन’ ऐकू येतं. ‘थाट’ की ‘ताट’, ‘फळ’ की ‘पळ’, ‘सहा वाजता’ की ‘दहा वाजता’, हे ओळखायला जी एक फुंकर किंवा शीळ लागते ती कानापर्यंत पोचलेलीच नसते. मराठी वाक्याची घडणही इथे आड येते. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि वाक्य संपताना आवाज उतरतो. ‘ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही’ यातलं शेवटचं ‘नाही’ हवेत विरलं की ऐकणाऱ्यापर्यंत बरोबर उलटी सूचना पोचते. तो ती मनापासून पाळतो, आणि मग घरच्यांना तो हट्टी वाटतो. औषधाची सूचना वयस्कर माणसाला नुसती तोंडी कधीही देऊ नये. ती ठळक अक्षरात कागदावर लिहून द्यावी आणि त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्यावी.

मुलाचं कळतं आणि सुनेचं कळत नाही, यातही आपपरभाव नसतो. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज उंच पट्टीतला आणि बहुधा नाजूक असतो. पुरुषाचा आवाज खर्जातला असतो, आणि म्हाताऱ्या कानाची तीच बाजू शाबूत असते. नातवंडांचं तर आवाज बारीक, वेग फार, आणि बोलताना तोंड भलतीकडे. त्यामुळे ज्या नातवंडांवर जीव असतो त्यांचंच बोलणं आजोबांना सगळ्यात आधी पारखं होतं. पुरुषांमध्ये उंच पट्टीचं ऐकणं साधारणपणे बायकांपेक्षा लवकर आणि जास्त घटतं, म्हणून ‘आमचे हे माझं सोडून सगळ्यांचं ऐकतात’ या जुन्या तक्रारीलाही कानाचा आधार आहे. सुरुवातीला सांगितलेल्या त्या ‘बँक’ शब्दाचंही तसंच. खोली शांत, बोलणारे पुरुष, आणि शब्द असा की जो आयुष्यभर ऐकलेला आणि ज्याची मनात काळजी. अर्धा ऐकू आला तरी मेंदू तो पुरा करतो. कुकरची शिट्टी, नळाची धार आणि मधली भिंत यांतून आलेली सुनेची हाक पुरी करायला त्याच्याकडे काहीच साहित्य नसतं.

मग आपण ओरडतो आणि पुढचा घोटाळा होतो. ‘ऐकू येत नाही’ म्हणणारा माणूसच वसकन म्हणतो, ‘ओरडतेस कशाला? बहिरा आहे का मी?’ घरातल्यांना हा कृतघ्नपणा वाटतो. खरं म्हणजे इथे त्या बाहेरच्या पेशींची उणीव दिसते. बारीक आवाज वाढवणाऱ्या पेशी गेल्या, पण मोठा आवाज थेट घेणाऱ्या आतल्या पेशी बऱ्याचशा जागेवर आहेत. त्यामुळे बारीक आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा आवाज पूर्वीइतकाच किंवा जास्तच अंगावर येतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘सहन होत नाही’ यांमधली जागा फार अरुंद होते. त्यात ओरडण्याने मोठे होतात ते मुख्यतः स्वर. आधीच नीट येणारा भाग आणखी मोठा होतो, न येणारी व्यंजनं तशीच राहतात. चेहरा मात्र रागावलेला दिसतो. ज्या घरांत सासऱ्यांपुढे आवाज चढवणं हा अपमान समजतात, तिथे सुनेचं ओरडणं ऐकणाऱ्यालाही लागतं आणि ओरडावं लागतं म्हणून तिचाही जीव कष्टी होतो.

आता गोंगाट. कॉलिन चेरी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रश्न घातला होता की गर्दीत अनेकजण एकदम बोलत असताना आपण नेमकं एकाचं बोलणं कसं वेचतो? हे वेचण्याचं काम मेंदू करतो. दोन्ही कानांत आवाज पोचण्यातला सूक्ष्म फरक, आवाजाचा पोत, मधल्या क्षणभराच्या फटी, अशा खुणांवरून तो ते करतो. वयानुसार या खुणा धूसर होतात आणि मेंदूचा वेगही मंदावतो. आपली घरं या बाबतीत कठीण आहेत. डोक्यावर पंखा, कोपऱ्यात टीव्ही, ओट्यावर मिक्सर, खिडकीबाहेर रहदारी, खाली गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती, ज्यांवर आपटून प्रत्येक शब्द दोनदा-तीनदा परत येतो. लग्नाच्या हॉलमध्ये तर चांगल्या कानांचीही दैना होते. वयस्कर माणूस दिवसभर अर्ध्या शब्दांवरून पुरी वाक्यं जुळवत असतो आणि हे काम थकवणारं आहे. संध्याकाळी त्याचं ऐकणं कमी होतं ते कानामुळे कमी आणि थकव्यामुळे जास्त.

या सगळ्याचा सर्वांत मोठा घाव घरातल्या किरकोळ बोलण्यावर बसतो. महत्त्वाचं काही असेल तर आपण जवळ जाऊन सांगतोच. पण घर चालतं ते बिनमहत्त्वाच्या बोलण्यावर. भाजीवाला काय म्हणाला, शेजारच्यांची मांजर व्याली, शाळेत आज काय गंमत झाली. म्हाताऱ्या माणसाने ‘काय झालं? कशाला हसताय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, जाऊ दे.’ दोनदा सांगण्याइतकी ती गोष्ट मोठी नसते हे खरं आहे. पण दिवसातून दहा वेळा ‘काही नाही’ ऐकणाऱ्याला उमजतं की या घरात जे घडतं ते आपल्याला सांगण्यासारखं नसतं. मला या दोन शब्दांचं फार वाईट वाटतं. बहिरेपणाने येणाऱ्या एकटेपणाची सुरुवात बहुतेक घरांत याच शब्दांनी होत असावी.

त्यानंतरच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी माणूस पुन्हा विचारतो. मग विचारायचं सोडून मान डोलावतो, सगळे हसले की हसतो. ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो आणि कशाला हो म्हटलं ते त्यालाही माहीत नसतं. डॉक्टरांपुढे किंवा सहीच्या कागदापुढे ते महागात पडतं. मग सत्यनारायणाला जाणं टळतं, संध्याकाळचा कट्टा सुटतो, भजनी मंडळात टाळ चुकतो म्हणून तेही बंद होतं. काहींच्या मनात आपल्याविषयीच कुजबूज चालली आहे असा संशय घर करतो. शब्द तुटक आले की मन उरलेली जागा भीतीने भरतं. जोडीदाराचीही फरपट होते. त्याला किंवा तिला सतत दुभाष्या व्हावं लागतं, टीव्हीचा भोंग्याएवढा आवाज सोसावा लागतो, आणि दोघांतलं हलक्या आवाजातलं बोलणं संपतं. एकाच्या आजाराचा परिणाम दुसऱ्याच्या जगण्यावर होतो, याला जागतिक आरोग्य संघटनेच्या परिभाषेत ‘तिसऱ्या व्यक्तीचं अपंगत्व’ असं नाव आहे. नाव रुक्ष असलं तरी अनुभव तसाच आहे.

कमी ऐकू येण्याच्या स्मरणशक्तीशी असलेल्या नात्याबद्दल अलीकडे बरंच छापून येतं, त्याविषयी जपून बोललेलं बरं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या फ्रँक लिन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सौम्य श्रवणदोष असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट, मध्यम असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र असलेल्यांत जवळजवळ पाचपट आढळला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगानेही टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये कमी ऐकू येण्याला वरचं स्थान दिलं आहे. पण दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी होतेच असं नाही. २०२३ साली अमेरिकेतच सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या जवळजवळ हजार लोकांवर तीन वर्षांची चाचणी पुरी झाली. निम्म्यांना श्रवणयंत्र आणि समुपदेशन दिलं होतं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. मुळात ज्यांना धोका जास्त होता त्या गटात मात्र ऱ्हासाचा वेग ४८ टक्क्यांनी कमी आढळला. मला यातून एवढंच म्हणावंसं वाटतं की यंत्र लावण्यासाठी स्मृतिभ्रंशाची भीती घालायची गरज नाही. घरातल्या गप्पांत पुन्हा बसता येणं हे कारण पुरेसं आहे.

घरात बोलण्याची पद्धत बदलायला पैसा लागत नाही आणि त्याचा फायदा लगेच दिसतो. सगळ्यात मोठी गोष्ट अंतर. बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्यातलं अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने वाढतो, बोलणाऱ्याला घसा ताणावा लागत नाही. म्हणून स्वयंपाकघरातून हाक मारण्याऐवजी चार पावलं चालून समोर जावं. आधी नाव घ्यावं किंवा खांद्याला हात लावावा, नजरानजर झाली की मग बोलावं. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. खिडकीकडे पाठ करून उभं राहिलं की ओठ दिसत नाहीत. ओठांचं महत्त्व आपल्याला करोनाच्या काळात कळलं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि आपल्याला कमी ऐकू येतं हे कितीतरी लोकांच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. तोवर ते नकळत ओठ वाचत होते. ओठांवरून सगळं कळत नाही, प, ब आणि म हे ओठांवर अगदी सारखे दिसतात. पण कानाने जे गाळलं त्यातलं बरंच डोळा भरून काढतो.

विषय आधी सांगावा. ‘लग्नाचं बोलतोय, शनिवारच्या’ एवढं म्हटलं की पुढचे शब्द ओळखणं सोपं जातं. चालू विषय मध्येच बदलला तर तेही सांगावं. एकदा सांगून कळलं नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात पुन्हा म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. ‘साठ’ कळलं नाही तर ‘पन्नासच्या वर दहा’ म्हणावं, ‘सहा वाजता’ऐवजी ‘दिवेलागणीला’ म्हणावं. आवाज नेहमीचाच, वेग थोडा कमी, आणि वाक्यावाक्यांत क्षणभराची विश्रांती. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं की नेहमीच्या बोलण्याऐवजी जाणूनबुजून स्पष्ट बोललं तर श्रवणदोष असलेल्यांना सुमारे १७ टक्के शब्द जास्त कळतात. अक्षर अक्षर तोडून बोलणं म्हणजे स्पष्ट बोलणं नव्हे. तसं बोललं की वाक्याची लय मोडते आणि ऐकणाऱ्याला आपण लहान मूल असल्यासारखं वाटतं. जेवताना टीव्ही बंद, आणि एका वेळी एकानेच बोलायचं. हे दुसरं आपल्या घरांत अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

ज्याला कमी ऐकू येतं त्यानेही नुसतं ‘काय?’ म्हणू नये. ‘शनिवारी कळलं, किती वाजता म्हणालीस?’ असं विचारलं तर सांगणाऱ्याला पुन्हा सगळं पाढ्यासारखं म्हणावं लागत नाही आणि त्याची चिडचिड होत नाही. आणि आपल्याला कमी ऐकू येतं हे नव्या माणसाला पहिल्याच वाक्यात सांगावं. चष्मा लपवत नाही, मग कान का लपवायचा?

मुलं पुण्यात, बंगळुरूत किंवा अमेरिकेत आणि आई-वडील गावाकडे, हे आता नेहमीचं झालं आहे. अशा घरांत फोन हाच नात्याचा धागा असतो. जुन्या पद्धतीचा फोन सेकंदाला साधारण ३०० ते ३,४०० कंपनांच्या दरम्यानचाच आवाज पुढे पाठवतो. म्हणजे ‘स’ तर फोनच्या तारेतच गळतो, मग कानात काय पोचणार? ‘फोनवर बाबा नीट बोलत नाहीत, दोन मिनिटांत आईकडे देतात’ याचं कारण बहुधा हे असतं. व्हिडिओ कॉलमध्ये आवाजाचा पट्टा बहुधा रुंद असतो आणि मुख्य म्हणजे तोंड दिसतं. म्हणून साध्या फोनपेक्षा व्हिडिओ कॉल करावा, कॅमेरा चेहऱ्यासमोर धरावा, आणि नातवंडांना एकेकाने पुढे बसवावं.

श्रवणयंत्राबद्दल, म्हणजे घरोघरी ज्याला ‘मशीन’ म्हणतात त्याबद्दल, दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक, लावलं की सगळं पूर्वीसारखं होईल. दुसरं, काही उपयोग नाही, नुसता कलकलाट होतो. दोन्ही चुकीची आहेत. आजचं डिजिटल यंत्र त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखाप्रमाणे, जी पट्टी कमी येते तीच जास्त वाढवतं आणि मोठे आवाज आवरून धरतं. पण मेलेल्या पेशी ते परत आणत नाही, आणि गर्दीत त्याचा उपयोग शांत खोलीपेक्षा कमीच होतो. पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज कानठळ्या बसवतो, वर्तमानपत्र उलटताना खडखडतं, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूला मिळालेच नव्हते ते एकदम परत आलेले असतात. त्यांची पुन्हा सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरात, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना थोडा वेळ लावायचं, मग वेळ वाढवायचा, आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, दोन-तीनदा जाऊन जुळणी बदलून घ्यायची. ही मधली पायरी गाळली जाते आणि हजारो रुपयांचं यंत्र कपाटाच्या खणात जाऊन पडतं. दोन्ही कानांनी कमी येत असेल तर शक्यतो दोन्हीकडे यंत्र लावावं. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करूनच ठरवतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ओल आणि घाम यांनी यंत्र बिघडतं, म्हणून रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावं.

खर्च हा खरा अडसर आहे. चांगल्या यंत्रांची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधनं मोफत मिळतात. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरच्या पात्र व्यक्तींना अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदाच दिले जातात. चांगलं डिजिटल यंत्र या रकमेत बसत नाही. शिवाय नुसतं यंत्र हातात देऊन भागत नाही. जुळणी आणि सराव यांची सोय त्यासोबत नसेल तर सरकारी यंत्रही त्याच खणात जातं. मुंबईत वांद्रे इथे १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. तिथे तपासणीपासून यंत्राच्या जुळणीपर्यंत सगळं एका जागी होतं. अशी सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी, हे माझं ठाम मत आहे.

वय झालं की कान जाणारच, असं मानून गप्प बसू नये. अमेरिकन कानतज्ज्ञ सॅम्युअल रोझेन यांनी तेव्हाच्या सुदानमधल्या माबान लोकांचे कान तपासले आणि १९६२ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. फारसा गोंगाट नसलेल्या त्या गावांत म्हाताऱ्या माणसांचं ऐकणं न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या समवयस्कांपेक्षा कितीतरी चांगलं निघालं. आहार आणि हृदयाची प्रकृती यांचाही त्यात वाटा असेल, पण गोंगाटाचा वाटा नाकारता येत नाही. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी इथे यंत्रमागांवर आयुष्य काढलेल्या माणसांचे कान कशाने गेले हे त्यांना कोणी सांगायला नको. आज विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर तासन्‌तास नाचणारी मुलं सत्तरीत कशाने ऐकणार आहेत? केशपेशी शाबूत राहिल्या तरी मोठ्या आवाजाने त्यांना मज्जातंतूंशी जोडणारे सांधे कायमचे तुटू शकतात, आणि ते साध्या श्रवणचाचणीत दिसतही नाहीत, हे बॉस्टनमध्ये २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसून आलं आहे.

काही गोष्टी मात्र वयाच्या खात्यावर टाकू नयेत. एका कानाने अचानक, एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं, कारण उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो. एकाच कानाने कमी येत असेल, कान वाहत असेल, चक्कर येत असेल, तरीही आधी डॉक्टर, मग यंत्राचं दुकान. कधी कधी नुसता मळ कडक होऊन कान बंद झालेला असतो आणि तो डॉक्टरांनी काढला की निम्मा प्रश्न सुटतो. तो काडीने, पिनेने किंवा रस्त्यावरच्या कान कोरणाऱ्याकडून काढू नये, आणि तेलही घालू नये. कानाच्या पडद्याला भोक असेल तर ते तेल आत जाऊन पू धरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार साठीच्या पुढच्या दर चार माणसांमागे एकाहून अधिकांना अडचणीचा वाटावा इतका श्रवणदोष असतो. म्हणजे तुमच्या सोसायटीत, तुमच्या वाड्यात, बहुधा तुमच्या घरातही असं कोणीतरी आहे. श्रवणचाचणी दुखत नाही. कानावर हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं असतं, आणि साधारण अर्ध्या तासात ती होते. साठी उलटलेल्या आई-वडिलांना एकदा घेऊन जा. मात्र त्यांना एकटं पाठवू नका आणि रिक्षात बसवून मोकळे होऊ नका. घरात त्यांच्याशी जो सगळ्यात जास्त बोलतो त्यानेच बरोबर जावं, आत बसावं, ऑडिओग्रामचा कागद समजावून घ्यावा आणि आपला आवाज त्यांना कसा ऐकू येतो ते ऑडिओलॉजिस्टला विचारून यावं.